भंगारातून आभाळात: मराठवाड्यात बसून जुन्या लढाऊ विमानांचा माग कसा ठेवायचा

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेली भारतीय फौज पहिल्याच दिवशी, १३ तारखेला, नळदुर्ग घेऊन उमरग्यापर्यंत आली. पुढे राजेश्वरच्या वाटेवर निजामाचे लोक दबा धरून बसले होते. त्यांच्यावर हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ला चढवला आणि रस्ता मोकळा झाला. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, पण या विमानांचं नावही भाषणांत येत नाही. हॉकर टेम्पेस्ट मार्क टू: एक पंखा, अठरा सिलिंडरचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन, ताकद साधारण अडीच हजार अश्वशक्ती.

भारताच्या ताफ्यातलं असंच एक टेम्पेस्ट इंग्लंडमधल्या सायवेल इथे दुरुस्त होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उडालं. त्या दिवशी जगात उडणारं दुसरं टेम्पेस्ट नव्हतं.

जुन्या विमानांचा माग काढण्याचा हा छंद मराठवाड्यातल्या माणसानं का करावा, याचं उत्तर मला यातच मिळतं. आपल्याकडे विमानांचे मेळावे भरत नाहीत, जवळपास विमान संग्रहालय नाही, हे खरं. पण १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला इंग्रज संग्राहकांनी भारतातून जी जुनी विमानं उचलून नेली, त्यांतली काही आज इंग्लंड-अमेरिकेच्या आभाळात आणि संग्रहालयांत आहेत. त्यांचा माग परभणीत बसूनही काढता येतो. पद्धत मात्र हवी.

सुरुवात एकाच विमानापासून

नवशिके लोक एकदम सगळं पाहायला लागतात. आज स्पिटफायर, उद्या मुस्टँग, परवा लँकेस्टर. दोन महिन्यांत सगळं डोक्यात कालवलं जातं आणि छंद सुटतो. त्यापेक्षा एकच विमान निवडा आणि वर्षभर त्याच्या मागे लागा. इथे विमान म्हणजे मॉडेल नव्हे. स्पिटफायर वीस हजारांच्या वर बनली, त्यांचा माग कसा काढणार? एक ठरावीक विमान, ज्याला स्वतःचा नंबर आहे, तेच धरा. माझ्या मते सुरुवातीला तीन चांगली आहेत.

पहिलं वर सांगितलेलं टेम्पेस्ट, एमडब्ल्यू ७६३.

दुसरं हरिकेन आर ४११८. हे १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या आभाळात जर्मन विमानांशी झालेल्या लढाईत, प्रत्यक्ष लढलेलं विमान. डिसेंबर १९४३ मध्ये ते भारतात आलं आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला दिलं गेलं. १९८२ साली पीटर व्हॅचर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी ते तिथे पाहिलं. उघड्यावर, गवतात पडलेलं. विद्यापीठाशी पत्रव्यवहार करण्यात वर्षं गेली. अखेर २००१ मध्ये ते इंग्लंडला पोहोचलं आणि २३ डिसेंबर २००४ ला पुन्हा उडालं. या विमानाचा इतिहास इतका नीट नोंदला गेला आहे की शिकायला यापेक्षा चांगला धडा नाही.

तिसरं आपल्याच हवाई दलाचं डाकोटा ‘परशुराम’, क्रमांक व्हीपी ९०५. डाकोटा म्हणजे माणसं आणि सामान वाहणारं दोन इंजिनांचं विमान. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. एप्रिल २०१८ मध्ये ते कोव्हेंट्रीहून निघालं आणि टप्पे घेत स्वतःच्या पंखांवर जामनगरला उतरलं. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत त्याच्यासोबत टायगर मॉथ आणि हार्वर्डही आहेत.

नंबर वाचायला शिका

सगळा छंद या एका गोष्टीवर उभा आहे. ट्रॅक्टरवर रंग कुठलाही मारा, आरसी बुकात चेसिस नंबर एकच असतो. विमानाचंही तसंच, फक्त त्याला एकाच आयुष्यात चार-चार नंबर मिळतात आणि ते सगळे एका ओळीत लावता आले पाहिजेत.

टेम्पेस्टचं पाहा. ब्रिटिश हवाई दलात एमडब्ल्यू ७६३, भारतात एचए ५८६, आणि आता इंग्लंडच्या नागरी नोंदणीत जी-टीईएमटी. हरिकेन आर ४११८ ची नागरी नोंदणी जी-एचयूपीडब्ल्यू अशी झाली. आणखी गुंतागुंतीचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटर बॉम्बर घ्या. अमेरिकन लष्करी क्रमांक ४४-४४०५२, ब्रिटिशांकडे केएच १९१, भारतात एचई ७७१, परत अमेरिकेत एन २२४ जे.

या लिबरेटरची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला डझनावारी लिबरेटर मोडीत काढली. कुणी वापरू नयेत म्हणून त्यांची नासधूसही केली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या (आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स) लोकांनी त्यांतली एकेक उडण्याजोगी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगळुरूला उडवत न्यायचे, आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती व्हायची. ती १९६८ पर्यंत भारतीय हवाई दलात राहिली. आज जगात जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतली बरीचशी भारतामुळे वाचली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर भारतानंच दिलेलं आहे. परदेशी लोक जुन्या विमानांच्या दुरुस्तीचं कौतुक करतात तेव्हा कानपूर-बंगळुरूच्या या कामगारांचं नाव क्वचित निघतं. मला ते खटकतं.

भारतीय क्रमांकांची अक्षरं पाठ करून ठेवा, रोज उपयोगी पडतात. एचए म्हणजे टेम्पेस्ट, एचएस म्हणजे स्पिटफायर, एचटी म्हणजे हार्वर्ड, एचयू म्हणजे टायगर मॉथ, एचई म्हणजे लिबरेटर, एचजे म्हणजे डाकोटा, बीए म्हणजे हंटर, आयएफ म्हणजे कॅनबेरा. बहुतेक मिग-२१ चे क्रमांक सी नं सुरू होतात.

आता एक सावधगिरी. विमानावर रंगवलेला नंबर त्याचा खराच असेल असं नाही. परशुराम डाकोटावर व्हीपी ९०५ लिहिलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन जे पहिलं डाकोटा श्रीनगरला उतरलं, त्याचा हा क्रमांक. आजचं विमान ते नव्हे, त्याच्या सन्मानार्थ नंबर दिला आहे. इंग्लंड-अमेरिकेत तर ही रीतच आहे. कुठल्या तरी नामवंत वैमानिकाच्या विमानाचा रंग आणि नंबर दुसऱ्याच सांगाड्यावर चढवतात. म्हणून फोटोवरून ओळख पक्की करू नका. नागरी नोंदणी शोधा. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाची नोंदवही ‘जी-इन्फो’ नावानं इंटरनेटवर कुणालाही पाहता येते, अमेरिकेचीही तशीच आहे. कारखान्याचा क्रमांक आणि मालकी तिथे दिसते. भारतीय क्रमांकांसाठी ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळाच्या हवाई दल विभागातल्या याद्या उपयोगाच्या आहेत.

आपल्या भागातलं काम

टेम्पेस्ट निवडलंत तर एक काम तुम्हीच करू शकता, इंग्लंडच्या माणसाला ते जमणार नाही. धाराशिव, बीड, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात १९४८ मध्ये विमानं पाहिलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. गावातल्या अशा आजोबा-आजींकडे जा. आधी विमानाचं चित्र दाखवू नका. चित्र पाहिलं की माणूस तेच पाहिल्याचं सांगतो. आवाज कसा होता, किती होती, कुठून कुठे गेली, शेतात काय चाललं होतं, एवढंच विचारा. खरीप कुठल्या अवस्थेत होतं हे सांगितलं तरी तारीख जुळवायला मदत होते. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. रझाकारांच्या आठवणी निघतील तेव्हा घाई करू नका, आणि त्या वेळच्या हाणामारीत दोन्ही बाजूंच्या घरांनी माणसं गमावली हे लक्षात ठेवून प्रश्न विचारा.

रानात जुना लोखंडी तुकडा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही. गावच्या पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवायचं.

दुरुस्तीचे टप्पे ओळखा

बातमीत ‘विमान दुरुस्त झालं’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून काहीच कळत नाही. काही विमानं फक्त उभी ठेवण्यासाठी सजवतात. काहींची इंजिनं चालतात, ती धावपट्टीवर पळतात, पण उडत नाहीत. इंग्लंडमधल्या ईस्ट कर्कबीचं लँकेस्टर ‘जस्ट जेन’ बरीच वर्षं असंच पळतं आहे. उडणारी लँकेस्टर जगात दोनच, एक ब्रिटिश हवाई दलाच्या, जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या स्मृती तुकडीकडे आणि एक कॅनडात. म्हणून वहीत पहिला रकाना हाच करा: उभं, पळणारं की उडणारं.

उडवायचं ठरलं की काम साधारण असं चालतं. आधी सांगाडा पूर्ण सुटा करतात. प्रत्येक भाग तपासून वापरण्याजोगा, नमुन्यापुरता आणि टाकाऊ अशा ढिगांत लावतात. मग स्पार, म्हणजे पंखाचा कणा. विमान उडणार की नाही ते इथे ठरतं, आणि बहुतेक प्रकल्प इथेच वर्षानुवर्षं अडकतात. हरिकेनच्या मधल्या भागातला स्पार अनेक पैलू पाडलेल्या पोलादी पट्ट्यांच्या नळ्यांचा असतो. तसं पोलाद आज बाजारात मिळत नाही, ते मुद्दाम बनवून घ्यावं लागतं. त्याचा मागचा सांगाडा पोलादी आणि ड्युरॅल्युमिन नळ्यांचा, आणि कुठेही वेल्डिंग नाही. नळीची टोकं दाबून चौकोनी करतात, पट्ट्या लावून बोल्ट मारतात. वर लाकडी पट्ट्या, त्यावर कापड, आणि कापड ताणून घट्ट बसावं म्हणून डोप नावाच्या रोगणाचे हात. स्पिटफायरचं अंग मात्र पूर्ण पत्र्याचं, जिगमध्ये, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या साच्यात, बसवून रिव्हेट मारत नेलेलं.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत शीट मेटल किंवा टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला हे फोटो पाहताना जे दिसतं, ते पुस्तकी माणसाला दिसत नाही. जिग कशी लावली आहे, कुठला पत्रा हातानं ठोकला आहे आणि कुठला डायवर काढला आहे, हे त्याला लगेच कळतं. इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला सोबत बसवून एखाद्या प्रकल्पाचे फोटो पाहा. संध्याकाळ सत्कारणी लागेल.

इंजिनाचं काम वेगळ्या कार्यशाळेत चालतं. हरिकेन-स्पिटफायरचं मर्लिन इंजिन, २७ लिटर, बारा सिलिंडर, याची माहितगार मंडळी अजून बरीच आहेत. सेंटॉरसची फार थोडी. त्यात नेहमीचे व्हॉल्व्ह नसतात; सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये एक बाही सरकत-फिरत राहते आणि तिच्या भोकांतून हवा आत-बाहेर जाते. एका इंजिनात अशा अठरा बाह्या. टेम्पेस्टला दशकं का लागली याचं एक कारण इथे आहे.

मग जमिनीवर इंजिन चालवून पाहणं, धावपट्टीवर सावकाश आणि नंतर वेगात पळवणं, आणि शेवटी पहिलं उड्डाण. ब्रिटनमध्ये अशा विमानांना प्रवासी विमानांचं प्रमाणपत्र मिळत नाही, वेगळा उड्डाण परवाना असतो. तो मिळाल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. वाऱ्यानं किंवा ढगांनी तारीख पुढे गेली तर त्यात काही काळंबेरं शोधू नका. जुनी विमानं आडव्या वाऱ्यात उतरवणं धोक्याचंच असतं.

एक वाद तुम्हाला सतत भेटेल: नवा स्पार, नवा पत्रा, नवी वायरिंग झाल्यावर विमान जुनं राहिलं का? लाकडी मॉस्किटोच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, जुनं लाकूड आणि डिंक टिकतच नाहीत. २०१२ मध्ये न्यूझीलंडमधल्या आर्डमोरला उडालेल्या मॉस्किटोचं लाकूडकाम नवंच होतं. माझं मत सांगतो. कागदपत्रांची साखळी अखंड असेल आणि काय बदललं हे मालक उघडपणे सांगत असेल, तर मी त्याला तेच विमान मानतो. लपवाछपवी दिसली की वहीत प्रश्नचिन्ह टाकतो.

थेट पाहताना घड्याळ

उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथला दुपारी दोनचा कार्यक्रम आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे सोयीचा. डक्सफर्ड आणि ओल्ड वॉर्डन ही तिथली मेळाव्यांची दोन ठिकाणं लक्षात ठेवा. अमेरिकेत ऑशकॉशचा मोठा मेळावा जुलैच्या शेवटी भरतो, पण तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली. न्यूझीलंडचा वानाका मेळावा सम वर्षांत ईस्टरला असतो आणि आपल्या सकाळी दिसतो. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून मोबाइल चार्ज ठेवा, एवढं मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर नागरी नोंदणी टाकली की काही जुनी विमानं उडताना दिसतात. सगळी दिसत नाहीत, कारण प्रत्येकात तो ट्रान्समीटर नसतो. आपल्या हवाई दलाची विमानं दिसतीलच असं धरून चालू नका. वैमानिकांचं बोलणं रेडिओवर ऐकायचा मोह टाळा. आपल्याकडे बिनतारी संदेशांचे नियम कडक आहेत.

अपघाताची बातमी आली तर

येतेच. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडच्या शोरहॅमला मेळाव्यात कसरत करताना हंटर हे जुनं जेट कोसळून रस्त्यावरची ११ माणसं गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-१७ पडलं, ७ जण गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसला दोन जुनी विमानं हवेतच एकमेकांवर आदळली, ६ जण गेले. मे २०२४ मध्ये ब्रिटिश स्मृती तुकडीच्या स्पिटफायरचा वैमानिक गेला. अशा दिवशी व्हिडिओ फिरवणं आणि कारणांचे तर्क लढवणं बंद ठेवा. ब्रिटन आणि अमेरिकेच्या तपास यंत्रणा नंतर सविस्तर अहवाल खुले करतात. ते इंग्रजी जड असतं, पण शोरहॅमचा अहवाल नेटानं वाचला तर कसरतीत उंची आणि वेग यांचं गणित कसं चुकतं ते समजतं. त्या अपघातानंतर ब्रिटनमध्ये जुन्या जेट विमानांच्या कसरतींवर कडक बंधनं आली. आजचे कार्यक्रम जुन्या व्हिडिओंपेक्षा शांत का दिसतात, याचं कारण हेच.

प्रत्यक्ष पाहायचं तर

८ ऑक्टोबरचा हवाई दल दिन आता दरवेळी एकाच गावी होत नाही. २०२२ मध्ये चंदीगड, २०२३ मध्ये प्रयागराज, २०२४ मध्ये चेन्नई झालं. सप्टेंबरमध्ये ठिकाण पाहा आणि मगच तिकीट काढा. मुख्य दिवसाच्या आधीची रंगीत तालीम कमी गर्दीत पाहायला मिळते.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयासाठी नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेस थेट आहे. तिथलं वापिटी हे दोन मजली पंखांचं जुनं विमान त्या जातीचं जगात उरलेलं एकमेव विमान मानलं जातं. शिवाय लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, लिबरेटर. निघण्याआधी संग्रहालय उघडं आहे का, हे विचारूनच घ्या. आवार हवाई दलाचं आहे. आधार कार्ड जवळ ठेवा, आणि फोटोची परवानगी जिथे असेल तिथेच कॅमेरा काढा. विमानतळाच्या कुंपणावरून फोटो काढण्याचा उद्योग चिकलठाण्यालाही नको आणि लोहगावलाही नको.

बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं वारसा केंद्र आहे. नांदेडहून थेट गाडी मिळते. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभी आहेत. लातूर-धाराशिवकरांना सोलापूर-कोल्हापूरमार्गे ते सोयीचं पडतं. पुण्यात दक्षिण कमांडच्या युद्ध स्मारकात मिग-२३ आहे, एका दिवसात जाऊन येता येतं.

नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात सामान्य माणसाला आत जाता येत नाही, पण तिथेच मिग-२१ बनली, हे ध्यानात असू द्या. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. आता ती चौकाचौकांत, कॉलेजांच्या दारात उभी राहतील आणि त्यांचे नंबर दोन पावसाळ्यांत पुसट होतील. प्रवासात असं विमान दिसलं तर शेपटीजवळचा क्रमांक, चाकाच्या खळग्यातल्या धातूच्या पाट्या आणि पंखाखालचा गंज यांचे फोटो घ्या. गावाचं नाव आणि तारीख वहीत लिहा. विमानासमोर स्वतः उभं राहून काढलेला फोटो सगळ्यात शेवटी, उजेड उरला तर.